चौदावी ओळ

दत्तारामच्या डाव्या हाताची चार बोटं माझ्यामुळे गेली. हे वाक्य मी आजपर्यंत कुणासमोर उच्चारलेलं नाही. नवरा गेला, त्यालाही कधी सांगितलं नाही. मुलीचा आग्रह म्हणून ह्या आठवणी लिहायला घेतल्या. तिला हव्या होत्या आरे कॉलनीतल्या म्हशी, जंगल आणि बिबट्या. ते सगळं लिहून झालं. बिबट्या मी जन्मात एकदाच पाहिला, तोही पाठमोरा, तरी त्याच्यावर चार पानं खर्ची घातली, कारण हे पुढचं टाळत होते. आता टाळून भागणार नाही. साठी उलटली, गुडघे गेले, डोकं तेवढं शाबूत आहे. ते आहे तोवर हे कागदावर आलेलं बरं.

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची. आप्पा, म्हणजे माझे वडील, आरेच्या एका युनिटमध्ये तबेल्यात कामाला होते आणि आम्ही तिथल्याच दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे बघायचं कुणी नाही. पहाटे दुधाच्या कॅनचा खणखणाट सुरू झाला की आई उठायची, म्हशी धुवायचा पाइप फुसफुसायला लागला की मी, आणि सगळ्या म्हशींपुढे चारा पडून तबेला गप्प झाला की आप्पा चहाला घरी यायचे. शेणाचा वास कपड्यांतून जायचा नाही, कितीही साबण लावा. आई मराठवाड्याकडची. समुद्र तिला ठाऊक नव्हता, पण मुंबईत येऊन सुकट खायला शिकली आणि अशी शिकली की तव्यावर सुकटीची चटणी परतली की शेजारची माणसं वाटी घेऊन दारात. खाली भाकरी, वर चटणी, बाजूला कच्चा कांदा, हा माझा रोजचा डबा. एखादी म्हैस व्याली की चीक घरी यायचा आणि आई गूळ-वेलची घालून खरवस वाफवायची. तो डब्यात नेला की कंपनीतली फिलूबाई म्हणायची, "आज रविवार लवकर आला गो."

कंपनी मरोळला, औद्योगिक वसाहतीत. आयटीआय करून मी तिथे लागले. आम्ही पॉवर प्रेसची कंट्रोल बोर्डं बनवायचो. पॉवर प्रेस म्हणजे पत्रा कापायचं, वाकवायचं यंत्र. खाली साचा, त्यात पत्रा ठेवायचा, वरून मणामणाचा ठोकळा धाडकन खाली येतो. कामगाराचा हात साच्यात राहू नये म्हणून यंत्राला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, लांब लांब. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच ठोकळा खाली येणार. दोन्ही हात बटणांवर असले की साच्यात हात असणारच कुठून? इतकी साधी अक्कल. ती अक्कल आमच्या बोर्डावरच्या एका बोटाएवढ्या चिपमध्ये असायची, चोवीस पायांची काळी चिप, आणि तिच्यात ती भरायचं काम माझं.

हे काम मला फिलूबाईने शिकवलं. फिलोमिना तिचं नाव, मरोळ गावठाणातली जुनी ख्रिस्ती बाई, विधवा, फ्रॉक घालायची आणि मराठी माझ्यापेक्षा ठसक्यात बोलायची. आमची खोली काचेची, एसी असलेली. एसी आमच्यासाठी नव्हता हो, मशिनसाठी होता. चपला बाहेर काढायच्या, मनगटाला पट्टा बांधायचा, त्याची वायर टेबलाला जोडायची, कारण अंगातल्या विजेने चिप मरते. पहिल्या दिवशी फिलूबाईने मला बोटं मोडून पाठ करायला लावलं. ब्लँक, म्हणजे चिप कोरी आहे का ते बघायचं. प्रोग्राम, म्हणजे फाइल तिच्यात उतरवायची. व्हेरिफाय, म्हणजे फाइलमध्ये होतं तेच उतरलं का ते ताडून बघायचं. "पण ध्यानात ठेव बाय," ती म्हणाली, "व्हेरिफाय फक्त नक्कल बरोबर झाली का सांगतं. फाइलच चुकीची असली तर ते बापडं हिरवा दिवाच लावणार." म्हणून चेकसम बघायची. फाइलमधल्या सगळ्या आकड्यांची मिळून एक बेरीज स्क्रीनवर येते, ती भिंतीवरच्या कागदावरल्या बेरजेशी जुळली तर फाइल आपली. मग व्हेक्टर. ही खरी परीक्षा. मशीन चिपला चाळीस प्रश्न विचारणार, चाळीस ओळी: डावं बटण दाबलं, उजवं नाही, तर काय करशील? उजवं दाबलं, डावं नाही, तर? उत्तर चुकलं की लाल दिवा आणि ओळीचा नंबर. सगळं पास झालं की शेवटी लॉक. लॉक म्हणजे चिपच्या आतला एक बारीक फ्यूज कायमचा उडवायचा. चिप काम करत राहते, पण तिच्यात काय लिहिलंय ते कुणाच्या बापाला वाचता येत नाही, बनवणाऱ्यालासुद्धा. नक्कल करणाऱ्यांपासून बचाव म्हणून. प्रत्येक पायरीची रजिस्टरमध्ये टिक, शेवटी आद्याक्षर. हल्ली म्हणे चिप बोर्डावर बसल्याबसल्याच भरतात, माझी मुलगी अशाच कसल्यातरी कंपनीत आहे. ती सांगते तेव्हा मी नुसती मान डोलावते.

आता आमच्या खोलीतली एक रीत सांगते. मशिनवर चिप बसवायचा सॉकेट जुना झाला होता. खटका पाडला तरी पाय नीट धरायचा नाही. चांगल्या चिपला व्हेक्टरमध्ये लाल दिवा यायचा. मग अंगठ्याने चिप दाबून धरायची, परत टेस्ट लावायची, पास. कधी दोनदा, कधी चारदा. नवा सॉकेट मागवलाय, येतोय, असं आमचे प्रधान साहेब वर्षभर सांगत होते. हळूहळू झालं काय, की लाल दिवा आला की "सॉकेट" म्हणायचं आणि पुढे जायचं. तीनदा दाबूनही लाल आला तरी टिक. सगळेच करायचे, फिलूबाईसुद्धा. आणि चेकसमच्या रकान्यात पहिल्या ओळीत आकडा लिहून खाली सरळ दोन-दोन टिंबं, वरच्यासारखं. शंभर चिपांना एकच फाइल, मग परत परत काय लिहायचं? आम्हाला यात काही वावगं वाटत नव्हतं. तुम्हालाही वाटलं नसतं, तिथे असता तर.

त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत आमचा तरुण इंजिनियर खोलीत येऊन काहीतरी करून गेला होता. टेबलावर बोर्ड तपासताना त्याचा एक हात मीटरमध्ये अडकायचा, म्हणून त्याने स्वतःपुरती एक फाइल बनवली होती. तिच्यात उजवं बटण एकट्याने पुरे. ती फ्लॉपी तो मशिनमध्येच विसरला, हे सगळं मला नंतर कळलं. मी जेवून आले. फिलूबाईने त्या दिवशी फुगे आणले होते, तिच्या घरचे गोल तळलेले, आणि मी पोट फुटेस्तोवर खाल्ले होते. सुस्त झाले होते, खोटं कशाला बोलू. फाइल लोड केली, कोणती ते बघितलं नाही. भिंतीवरच्या कागदाकडे मान वळवली नाही. रजिस्टरमध्ये सकाळच्या आकड्याखाली टिंबं मारत गेले. बावीस चिपा केल्या. बाविसांना व्हेक्टरमध्ये लाल दिवा आला. मी अंगठा दाबला, परत दाबला, मनात सॉकेटला शिव्या घातल्या, टिक केली, लॉक केली, चिपा साठवायच्या नळीत सरकवली. मशीन बावीस वेळा सांगत होतं आणि मी बावीस वेळा त्याचं तोंड दाबलं. पुढे बोर्ड तयार झाल्यावर तपासणारा माणूस दोन्ही बटणं दाबून दिवा लागतो का बघायचा. एकेक बटण दाबून बघायचं काम माझ्या खोलीत झालेलं आहे, असं तो धरून चालायचा. बरोबरच होतं त्याचं.

दोन महिन्यांनी एक बोर्ड परत आलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत. घाटकोपरच्या एका पत्र्याच्या कारखान्यात प्रेसखाली माणसाचा हात गेला होता. प्रधान साहेबांनी मला आणि फिलूबाईला बोलावलं, दार लावलं आणि चिप काढून टेस्टला लावायला सांगितली. हातात चिप घेताना तिच्यात काही दिसेल असं वाटून मी ती उलटसुलट केली. वेडेपणा. लाल दिवा. ओळ चौदा. अंगठा दाबला. लाल, चौदा. खटका उघडून परत बसवली. लाल, चौदा. चौदावी ओळ म्हणजे उजवं बटण दाबलेलं, डावं सोडलेलं. उत्तर शून्य यायला हवं होतं, चिप एक देत होती. फिलूबाई हळूच म्हणाली, "सॉकेटचं फेल असं नसतं गो. सॉकेटमुळे कधी सहावी ओळ येते, कधी तिसावी. ही एकाच जागी मरतेय. तुझ्या त्या लॉटमधल्या सगळ्या इथंच मरत होत्या का?"

"आठवत नाही," मी म्हटलं. आठवत होतं. चौदा, चौदा, चौदा, अख्खी दुपार. वेगळा नंबर येत नाही हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं आणि डोक्यात शिरत नव्हतं.

प्रधान साहेब आवाज चढवणारे गृहस्थ नव्हते. चढवला असता तर बरं झालं असतं, मी रडून सगळं ओकले असते. ते शांतपणे म्हणाले, "चिप लॉक आहे. आत काय आहे ते कुणी सिद्ध करू शकत नाही. आणि इथे लाल दिवा येतो तो सॉकेटमुळे, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हो ना?" मग रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "व्हेक्टरची टिक तुझी आहे, सुजाता. खाली आद्याक्षरंही तुझीच. माझी नाहीत, फिलोमिनाची नाहीत. पोलिसांपर्यंत गेलं तर आधी कुणाला बोलावतील, तूच विचार कर." त्याच आठवड्यात 'मोफत सर्व्हिसिंग' म्हणून माणसं पाठवून बाकीची एकवीस बोर्डं गोळा करून आणली आणि चिपा बदलल्या. म्हणजे त्यांना पक्कं कळलं होतं. त्या एकवीस ठिकाणी कुणाचा हात गेला नाही, हे माझं नशीब. त्या जुन्या चिपा, घाटकोपरचीसुद्धा, कुठे गेल्या ते मी विचारलं नाही.

घरी एवढंच सांगितलं की माझी सही असलेल्या बोर्डाच्या प्रेसखाली एका माणसाचा हात गेला. आई भाकरी थापत होती, थांबली नाही. "सही तुझी आहे ना? मग तोंड उघडू नको. तुला आत टाकलं तर आम्ही कुठं बघायचं?" आप्पा चहा पीत होते. त्यांनी विचारलं, "माणूस जगला का?"

"जगला."

"कोणता हात?"

"डावा."

"दूध काढायला दोन्ही लागतात," आप्पा म्हणाले, आणि अर्धा चहा तसाच ठेवून तबेल्यात गेले. ते मला कधी रागावून बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही. पण नंतर ते मला माझ्या कामाबद्दल कधी काही विचारेनासे झाले. आधी रोज विचारायचे, आज किती चिपा केल्यास म्हणून, कळत काही नव्हतं तरी.

मग सरकारी खात्यातले एक साहेब चौकशीला आले. कारखान्याच्या मालकाचं म्हणणं होतं की कामगाराने काम भराभर उरकावं म्हणून डावं बटण रबराने बांधून ठेवलं होतं. असं बरेच कामगार करतात, ते खरंच आहे, म्हणून तर गोष्ट सहज पचण्यासारखी होती. बटण बांधलं असेल तर चूक कामगाराची, भरपाईवर पाणी सोडायचं. बटण बांधलं नव्हतं तर चूक यंत्राची, म्हणजे आमची. सगळं माझ्या एका टिकेवर अडलं होतं. त्या साहेबांनी रजिस्टर उघडलं, पेन्सिलीचं टोक त्या रकान्यावर ठेवलं आणि विचारलं, "ही खूण तुमची?"

"हो."

"म्हणजे ही चाचणी पास झाली होती?"

फिलूबाई माझ्या शेजारी उभी होती. एसीचा घुर्र आवाज येत होता. मी म्हटलं, "हो." त्यांनी लिहून घेतलं, मी खाली सही केली. पाच मिनिटांचं काम. मी तेव्हा लहान होते, घर माझ्याकडे डोळे लावून होतं, आप्पांची निवृत्ती आली होती आणि क्वार्टर सोडावं लागणार होतं, अशी कारणं मी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला सांगितली. खरी आहेत ती. पण खरं कारण एवढंच की मी घाबरले. फिलूबाई का बोलली नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. मला तोंड नव्हतं विचारायला, आणि तिचंही घर होतंच.

त्या रविवारी विहारात वंदना होती. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही हे सांगणारं, तेव्हा मी ओठ हलवले आणि आवाज काढला नाही. शेजारी आई मोठ्याने म्हणत होती. आजही बोरिवलीच्या आमच्या विहारात मी तसंच करते. कुणाच्या लक्षात येत नाही.

फिलूबाईने माझ्याबरोबर जेवणं सोडलं. भांडण नाही, टोमणा नाही. डबा घेऊन सरळ पॅकिंगमधल्या बायकांत जाऊन बसायची. महिनाभराने तिने नोकरीच सोडली. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवली, दत्तारामचा पत्ता. "साहेबाच्या फायलीतून उतरवून घेतलाय. जा आणि सांग त्याला." मी म्हटलं, "तू पण चल ना." ती म्हणाली, "टिक तुझी आहे, बाय."

मी गेले. सांगायलाच गेले होते, हे कुणी मानो न मानो. घाटकोपरला डोंगराच्या उतारावर वस्ती, पायऱ्या चढून चढून छाती फुटायची वेळ आली, आणि प्रत्येक पायरीला मी वाक्य जुळवत होते. भाऊ, तुमची चूक नव्हती. भाऊ, चिप चुकीची होती, मी केली होती. रविवारची दुपार. दत्ताराम दाराशी खुर्ची टाकून बसला होता, तिशी-पस्तिशीचा, अंगाने दणकट माणूस. डावा हात मांडीवर, फडक्यात गुंडाळलेला. मी बोर्डाच्या कंपनीतून आले म्हटल्यावर तो उठून उभा राहिला. "कंपनीतून कोण आलंच नव्हतं. तुम्ही पहिल्या," म्हणाला, आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं. ती आत स्टोव्हपाशी होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. नवऱ्याशीही ती धड बोलत नव्हती, हे दोन मिनिटांत कळत होतं.

चहा आला. तो उजव्या हाताने बशी पुढे करून म्हणाला, "ताई, तुम्ही त्यातल्या जाणत्या. एक विचारू? मी रोज डोकं खाजवतोय. माझा डावा हात आत होता, पत्रा तिरका झालेला तो सरळ करत होतो. उजवा बटणावर गेला, चुकून गेला असेल, मान्य आहे. पण डावं बटण मग दाबलं कुणी? ही म्हणते तू बांधलं असशील. शेट म्हणतो बांधलं होतंस. मागे एकदा बांधलं होतं मी, शेटने शिव्या घातल्या, मग सोडून दिलं. त्या दिवशी बांधल्याचं मला आठवत नाही बघा. पण बांधलं नसेल तर प्रेस आला कसा?" त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. खरंच हिशेब लागत नव्हता त्याचा, आणि समोर हिशेब लावून देणारं माणूस बसलं होतं. "एका बटणावर येऊ शकतो का हो तो प्रेस?"

आत स्टोव्हचा आवाज बंद झाला. बायको दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडात चहा होता, तो मी गिळला.

"नाही," मी म्हटलं. "एका बटणावर नाही येऊ शकत."

त्याने डाव्या हातावरचं फडकं सारखं केलं. मग मान हलवली आणि बायकोला म्हणाला, "तू बरोबर होतीस. मीच बांधलं असणार." ती आत निघून गेली. मला म्हणाला, "बरं झालं ताई, सांगितलंत. डोक्याचा भुंगा गेला." आणि पायऱ्यांपर्यंत मला सोडायला आला.

त्यानंतर मी त्या बाजूला गेले नाही. तो आहे की नाही, त्याची बायको त्याच्याशी पुढे कधी बोलली की नाही, मला माहीत नाही. शोधलं असतं तर कळलं असतं. शोधलं नाही. दत्ताराम, येत होता. तुझा प्रेस त्या दिवशी एका बटणावर येत होता. डावं बटण तू बांधलं नव्हतंस.